पांढऱ्या गोळीचे नाव

ऑक्टोबर उजाडला की माळ्यावरचा सोऱ्या खाली येतो. भाजणी दळून आलेली असते, तेल तापत असते आणि चकल्यांचा घाणा पाडायला मनगटात जोर लागतो. हा जोर प्रत्येकीच्या मनगटात असतोच असे नाही, याचा विचार फराळाच्या ताटासमोर बसलेला माणूस सहसा करत नाही. पस्तीस-चाळिशीतली एखादी बाई सकाळी सहाला उठते तेव्हा तिची मूठ वळत नाही. बोटे लाकडासारखी ताठ. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापायला कात्री धरवत नाही, कुकरचे झाकण निघत नाही, निऱ्या खोचता येत नाहीत. लग्नातल्या बांगड्या सुजलेल्या पंजावरून चढत नाहीत आणि अंगठी शेवटी सोनाराकडे नेऊन कापून घ्यावी लागते. दहा वाजेपर्यंत हात जरा सुटतात; तोवर घरातल्यांचे डबे गेलेले असतात आणि निम्मे काम दात-ओठ खाऊन उरकलेले असते. दुपारी तीच बाई चालतीफिरती दिसते. त्यामुळे ‘हिला कामाचा कंटाळा आलाय’ हे निदान डॉक्टरच्या आधी घरातच झालेले असते.

१२ ऑक्टोबर हा जागतिक संधिवात दिन. १९९६ पासून तो पाळला जातो. आपल्याकडे या दिवशी फलक लागतात, मोफत तपासणीची शिबिरे होतात आणि फलकावर हटकून एका आजोबांचा गुडघा असतो, लाल रंगाने ठणकणारा. गुडघ्याच्या झिजेला आमचा विरोध नाही. पण ती झीज वेगळी आणि वर वर्णन केलेले दुखणे वेगळे. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था सांध्यांच्या अस्तरावरच उलटते, अस्तर सुजते, पुढे हाड कुरतडले जाते. त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांना तो दुपटी-तिपटीने अधिक होतो आणि बहुधा ऐन उमेदीत गाठतो. माधवनिदानकारांनी आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिले होते. आपण मात्र अजूनही सगळ्याला एकाच शब्दात गुंडाळतो: ‘वात आहे’. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांची ती पाहणी पुढे जगभरच्या अभ्यासकांच्या उपयोगी पडली. शंभरातल्या अठरा जणांना कसले ना कसले सांध्या-स्नायूंचे दुखणे होते आणि हजारामागे साधारण पाच जणांना हा खरा संधिवात होता. पाच हा आकडा लहान वाटतो. भिगवणच्या बाजारातून एक चक्कर मारली तरी त्यातल्या दोघी-तिघी भेटून गेल्या असतील, फक्त ओळखू आल्या नसतील.

या दिवसाच्या निमित्ताने आम्हाला बोलायचे आहे ते त्यांच्या पर्समधल्या किंवा मसाल्याच्या डब्यामागे ठेवलेल्या एका लहानशा पांढऱ्या गोळीबद्दल. तिचे नाव पुष्कळ घरांत घेतले जात नाही. ‘ती बारकी गोळी’, ‘सुजेची गोळी’, ‘पावडर’. डॉक्टरही कधी कधी ‘एक ताकदीची लिहितो’ म्हणून विषय संपवतात. ती असते स्टेरॉइडची गोळी.

हिचा जन्मही नावाशिवायच झाला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर येथे मेयो क्लिनिक आहे. तेथील डॉ. फिलिप हेंच यांनी १९२९ मध्ये एक गंमत पाहिली: संधिवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले. पुढे त्यांना असेही दिसले की गरोदरपणात अनेक स्त्रियांचे सांधे आपोआप निवतात. म्हणजे हा आजार माघारी फिरू शकतो आणि त्याला फिरवणारे काहीतरी शरीरातच असले पाहिजे. त्या काहीतरीला हेंच यांनी नाव दिले ‘पदार्थ एक्स’. त्याच संस्थेत एडवर्ड केंडॉल हे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून एकेक रसायन वेगळे काढत होते आणि त्यांना ए, बी, ई अशी अक्षरे देत होते. एक्स म्हणजे बहुधा ई, असा तर्क झाला. पण ई पुरेसे हाती यायला पुढची काही वर्षे गेली. मर्क कंपनीत ते बैलाच्या पित्तापासून तीसहून अधिक पायऱ्या ओलांडून ग्रॅम-ग्रॅमने बनवावे लागे. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला त्याचे पहिले इंजेक्शन दिले गेले. काही दिवसांत तिचे हातपाय मोकळे झाले आणि आठवडाभराने ती चालत बाजारात जाऊन तास न् तास खरेदी करून आली. तिने काय विकत घेतले याची नोंद आमच्या वाचनात नाही; आमची पैज बांगड्यांवर.

पुढे त्या रसायनाला कॉर्टिझोन हे नाव मिळाले. शोध जाहीर झाला १९४९ च्या एप्रिलमध्ये आणि १९५० चे नोबेल केंडॉल, हेंच आणि स्वित्झर्लंडमधले टाडेउस राइखस्टाइन यांना मिळाले. वैद्यकातले नोबेल इतक्या झटपट क्वचितच दिले जाते. त्याच वर्षी फ्रेंच चित्रकार राउल द्युफी कुंचला धरवेनासा झाला म्हणून बोस्टनला गेला, हे नवे औषध घेतले, पुन्हा रंगवू लागला आणि कृतज्ञतेने एका फुलांच्या चित्राला ‘ला कॉर्टिझोन’ असे नावच देऊन टाकले. औषधाच्या नावाचे चित्र आमच्या तरी दुसरे ऐकिवात नाही. १९५३ मध्ये तो गेला.

तोवर नव्याची नवलाई ओसरली होती. औषध थांबवले की सांधे पुन्हा धरत; सुरू ठेवले की चेहरे फुगत, झोप उडे, मनाचा तोल ढळे. हेंच यांनी ‘बरे करणारे औषध’ असा दावा सुरुवातीपासून टाळला होता. तो टाळण्यात शहाणपण होते हे अडीच-तीन वर्षांत साऱ्या जगाला कळले. जे जगाला तेव्हा कळले ते आपल्या गल्लीतल्या रुग्णाला आजही कुणी नीट बसून सांगत नाही, ही आमची तक्रार.

गोळी सुरू झाली की पहिले दोन दिवस जादूचे असतात. मूठ वळते. पोळ्या लाटता येतात. रात्री झोप मात्र येत नाही. अडीच वाजता उठून कपाटातल्या साड्यांच्या घड्या नव्याने लावून झालेल्या असतात आणि सकाळी थकवाही नसतो. भूक खवळते. महिना-दोन महिन्यांत गाल गोल होतात, हनुवटीखाली मांस येते. मग हळदीकुंकवाला भेटलेल्या बायका म्हणतात, ‘अगं, किती छान अंग धरलंयस! चेहरा कसा भरलाय!’ जिची ही स्तुती चालू असते तिला त्या भरलेल्या चेहऱ्याचे कारण ठाऊक असते, किंवा नसते. दोन्ही परिस्थितींत ती हसून वाण घेते. कृश माणूस आजारी आणि भरलेला माणूस सुखी, या आपल्या जुन्या हिशेबाने या औषधाला केवढे मोठे अभय दिले आहे! सासू खूश, नवरा खूश, गोळी चालू.

दिसत नाही ते आत चाललेले असते. हाडे ठिसूळ होण्याचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू करायचे ते तेव्हाच, मणका खचल्यावर नव्हे. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो, काचबिंदूचा धोका वाढतो. रक्तदाब चढतो. दबून बसलेला क्षय डोके वर काढू शकतो, आणि आपल्या देशात असा दबलेला क्षय घेऊन फिरणारे कमी नाहीत. साखरेची तर एक खोडी सांगण्यासारखी आहे. सकाळी घेतलेली स्टेरॉइडची गोळी साखर वाढवते ती दुपारनंतर. उपाशीपोटीची तपासणी अनेकदा साळसूद येते. ‘शुगर नॉर्मल’ असा कागद घेऊन बाई घरी येते आणि जेवणानंतर दोन तासांनी कुणी बोट टोचून पाहतच नाही.

हे सारे नीट सांगूनसवरून, मोजूनमापून होत असेल तर आमचे म्हणणे नाही. अडचण बेनामी स्टेरॉइडची आहे. बाजाराच्या दिवशी तंबूत, एसटी स्टँडजवळच्या दुकानात, कुणाच्या तरी मावसभावाने सांगितलेल्या ‘गावठी वैद्या’कडे वाताची पुडी मिळते. पुडी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस शेतात जातो. ‘झाडपाला आहे, साइड इफेक्ट नाही’ असे देणाराही सांगतो आणि घेणाराही. झाडपाला इतक्या तडकाफडकी काम करत नाही, ही शंका यायला हवी. पण दुखणे थांबले की शंकाही थांबते. अशा पुड्यांमध्ये डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडे कुटून मिसळलेली आढळल्याची प्रकरणे वेळोवेळी उघड झाली आहेत. मग दोन वर्षांनी हातावरची कातडी कागदासारखी पातळ, जरा खरचटले की निळे-जांभळे डाग, मांड्यांत त्राण नाही आणि उठताना जमिनीचा आधार. यात आयुर्वेदाची नाहक बदनामी होते ती वेगळीच. दुसरीकडे डिग्रीवाल्यांचा दवाखानाही सोवळा नाही. जुनी चिठ्ठी दुकानात दाखवायची, दुकानदाराने पट्टी द्यायची, असे पाच-पाच वर्षे चालते. चिठ्ठीशिवाय हे औषध विकू नये असे कायदा सांगतो. चिठ्ठी किती जुनी असावी हे विचारायला काउंटरवर वेळ कुणाला आहे? दहा गोळ्यांची पट्टी चहाच्या किमतीत मिळते. एवढ्या स्वस्तात एवढा आराम देणारी दुसरी वस्तू बाजारात नाही, हे मान्य केल्याशिवाय या प्रश्नाला हातच घालता येणार नाही.

त्यातून आकड्यांचा घोळ. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन ४, डेफ्लाझाकॉर्ट ६, आणि डेक्सामेथासोन जेमतेम पाऊण मिलिग्रॅम. सगळ्यांचा जोर सारखाच. ‘माझी तर पाऊणची हलकी गोळी आहे’ असे म्हणणारीच्या पोटात शेजारणीइतकाच ऐवज जात असतो आणि तो अंगात जास्त वेळ टिकतो. डॉक्टर बदलला की नाव बदलते, आकडा बदलतो, आणि रुग्णाला वाटते औषध बदलले.

दुसऱ्या टोकाला भीती आहे. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्यापुराण्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले, तेव्हा स्टेरॉइड हा शब्द घरोघर पोहोचला. पुढच्याच उन्हाळ्यात महाराष्ट्रात काळ्या बुरशीने थैमान घातले. अनावर साखर आणि अनिर्बंध स्टेरॉइड ही त्यामागची मोठी कारणे होती. डोळा गमावलेले, जबडा गमावलेले रुग्ण लोकांनी पाहिले. त्यानंतर संधिवाताच्या कितीतरी रुग्णांना आपल्या पर्समधल्या गोळीचे खरे नाव प्रथमच कळले आणि ते कळताच त्यांनी ती त्याच दिवशी बंद केली. कुणालाही न विचारता.

हे बंद करणे सर्वांत धोक्याचे, आणि सुशिक्षितांनाही हेच माहीत नसते. अधिवृक्क ग्रंथी रोज पहाटे शरीराला लागणारे कॉर्टिसोल स्वतः बनवतात. त्याचे माप प्रेडनिसोलोनच्या भाषेत ५ मिलिग्रॅमच्या आसपास. बाहेरून गोळी येत राहिली की या ग्रंथी हातावर हात धरून बसतात. आयते मिळत असताना चूल कोण पेटवेल? काही महिन्यांनी गोळी एकदम थांबवली तर विझलेली चूल लगेच पेटत नाही. गळून गेल्यासारखे वाटते, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो. त्यात ताप किंवा जुलाब असले तर जिवावर बेतते. आपल्या सणावारांत हा धोका दडलेला आहे. नवरात्राचे नऊ दिवस उपास, म्हणून घटस्थापनेपासून गोळ्या बंद आणि दसऱ्याला सोने लुटल्यावर पुन्हा सुरू, असे करणाऱ्या बायका आम्हाला माहीत आहेत. देवीला हे चालत नसावे असे त्यांना परोपरीने सांगावे लागते. उपास असला तरी दूध-केळ्यानंतर गोळी घेता येते, हे सांगायला धर्मशास्त्राचा अधिकार लागत नाही; दवाखान्यातल्या परिचारिकेनेही ते सांगितले तर पुरे.

मग या गोळीची जागा कोणती? संधिवात मुळातून आवरणारी औषधे निराळी आहेत. त्यातले मुख्य मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतले गेल्याने माणसे दगावली आहेत, म्हणून वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. ते लागू पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढ्या काळात सांधे ठणकत ठेवायचे, नोकरी सोडायची, की लहान मूल दुसऱ्याच्या कडेवर द्यायचे? त्या आठवड्यांसाठी स्टेरॉइड हा पूल. वैद्यकातही याला पूलच म्हणतात. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शनाचा रोख असा की स्टेरॉइड द्यायचेच तर थोडक्या काळासाठी द्यावे आणि जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर कमी करत थांबवावे. आपल्याकडे लोक पुलावरच संसार थाटतात. कारण पलीकडच्या काठावर जायचे तर दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते, संधिवाततज्ज्ञ गाठावा लागतो, आणि हे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत. सकाळची एसटी, बुडालेला रोज, केसपेपर, तपासणीचे पैसे, शेवटी ‘डॉक्टर आज आलेले नाहीत’. यापेक्षा कोपऱ्यावरची पट्टी सोपी. त्या बाईला अडाणी म्हणणे आम्हाला मान्य नाही. तिचा हिशेब चोख आहे, फक्त त्यात हाडांचा भाव धरलेला नाही.

काहींना मात्र पूल ओलांडता येत नाही, हेही मान्य करायला हवे. सगळी औषधे करून झालेली, वय सत्तर, यकृत कुरकुरणारे. अशांना ५ मिलिग्रॅम वर्षानुवर्षे द्यावे लागते. पासष्टीपुढच्या साडेचारशे रुग्णांवर युरोपात दोन वर्षे झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. रोज ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे दुखणे कमी राहिले, सांध्यांची नासाडीही कमी झाली. आणि शंभरातल्या साठ जणांना काही ना काही त्रास झाला, मुख्यतः जंतुसंसर्गाचा. औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात एकोणपन्नास होते. म्हणजे सौदा आहे, आणि तो डोळे उघडे ठेवून करण्यासारखा आहे. तो कुणी कुणासाठी गुपचूप करू नये एवढेच.

ब्रिटनमध्ये स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाला खिशात ठेवायला एक निळे कार्ड देण्याची जुनी पद्धत आहे. औषधाचे नाव, माप, कधीपासून, आणि ‘एकदम थांबवू नका’ अशी सूचना. २०२० मध्ये तिथे आणीबाणीसाठी वेगळे लाल कार्डही आले: अपघात झाला, शस्त्रक्रिया करावी लागली, तर समोरच्या अनोळखी डॉक्टरला कळावे की या माणसाला जादा स्टेरॉइड द्यायचे आहे. एवढासा कागद. आपल्याकडे लसीकरणाचे कार्ड आपण वर्षानुवर्षे जपतो, जनावरांच्या कानालाही क्रमांकाचा बिल्ला असतो. आरोग्य विभागाला या १२ ऑक्टोबरला काही करायचेच असेल तर गुडघ्याच्या फलकांचा खर्च वाचवून मराठीत असे एक कार्ड छापावे. त्यावर औषधाचे नाव देवनागरीत, ठळक अक्षरात. खाली एक ओळ रिकामी: ‘कधीपर्यंत?’ ती भरताना डॉक्टरला क्षणभर थांबावे लागेल. तो क्षण आम्हाला हवा आहे.

आमच्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षिकेने असल्या कार्डाची वाट पाहिली नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख असते, त्याच चौकोनांत यंदा आणखी एक आकडा येऊ लागला. श्रावणात १०. गणपतीत ७॥, जुन्या वळणाचे, दोन उभ्या रेघांचे. घटस्थापनेला ५. प्रत्येक आकड्याखाली बारीक अक्षरात ‘प्रेडनि.’ आणि दर सोमवारी लाल शाईत ‘मेथो. आज’. आकडा उतरला त्या आठवड्यात मनगट किती दुखले हेही त्यांनी दहापैकी गुण देऊन लिहिले आहे. गणपतीतल्या पहिल्या आठवड्याला त्यांनी स्वतःला चार गुण दिलेत. दिवाळीच्या चौकोनात पेन्सिलीने २॥ लिहून ठेवले आहे. पेन्सिलीने, कारण ते डॉक्टरांना विचारून पक्के करायचे आहे. सोऱ्या यंदा सून फिरवणार आहे. भाजणीचे प्रमाण मात्र त्या कुणाला ठरवू देत नाहीत.